आईनं उलटे केलेले नंबर

त्या गाजलेल्या हेरपटांच्या मालिकेत मला सिनेमापेक्षा सुरुवातीची टायटलंच प्यारी. देवासच्या घरी टीव्हीसमोर बसून मी आवडीप्रमाणे त्यांचे नंबर लावत होतो. समुद्रात बुडणाऱ्या माणसाचं टायटल पहिलं, पत्ते आणि धुराचं शेवटचं.

आई म्हणाली, "उलटं कर. समुद्रात नुसती गर्दी केलीय. या पत्त्यांच्यात पत्ता, पिस्तूल, डोळा बघ, काळ्यावर कसे सुटे सुटे आणि आपापल्या जागी. आपल्या चैत्रांगणातल्या कासव-करंड्यासारखे."

मी चिडलो, वाद घातला, मग दोन्ही पुन्हा पाहिली. तिचंच खरं होतं.

यंदा चैत्रात अंगणात चैत्रांगणाची रांगोळी पुरी करून ती उठली, कंबर धरून मागे सरली आणि मला म्हणाली, "हं, आता लाव नंबर."