हुशार पोरांच्या गोळ्या

लातुरात मेडिकलच्या प्रवेशाचे क्लास करताना मी ज्यांच्याकडे खोली केली होती, ते घरमालक काका डॉक्टर नव्हते. त्यांच्याकडे फक्त बिस्किटांचा डबा होता. खोली सोडून गेलेल्या पोरांच्या उरलेल्या गोळ्या ते पाकिटावर पोराचं नाव लिहून त्यात जपायचे.

मला ताप आला. काकांनी डब्यातून एक गोळी काढली. "घे. ही ज्याची हाय, त्याचा पहिल्याच वर्षी नंबर लागला."

तासाभरात ओठ सुजले, श्वास अडकू लागला. काकांनीच रिक्षातून दवाखान्यात नेलं. सुई टोचून डॉक्टर खेकसले, "कुणी दिली गोळी?" मी काकांकडे बघितलं, काकांनी छताकडे.

घरी येताच त्यांनी चष्मा लावून डबा उपसला, त्या गोळीच्या पाकिटावरचं नाव निरखलं आणि कपाळावर हात मारला.

"माफ कर बाबा. नापास पोराची देली की रं तुला!"