मुवफ्फकचा खांब

मोसुलच्या त्या गल्लीत काहीही बिघडलं की लोक मुवफ्फकला हाक मारत. फोन तापतो, मुवफ्फक. मालिका ऐन रंगात आली की पडद्यावर नुसतं चाक फिरत राहतं, मुवफ्फक. एकदा तर जावई फोन उचलत नाही म्हणून एका बाईनं त्यालाच धारेवर धरलं. "तुझ्या नेटपायी माझ्या लेकीचा संसार मोडायचा," असं ती भर रस्त्यात म्हणाली. मुवफ्फकनं निमूटपणे तिचा राउटर बंद करून पुन्हा चालू करून दिला. जावयानं दुसऱ्या दिवशी फोन उचलला आणि बाईला त्यात काडीचंही नवल वाटलं नाही.

तो मुळात वायरमन. आधी गच्चीगच्चीवर डिश बसवायचा. नेटचे दिवस आले तसा त्यानं स्वतःच्या गच्चीवर उंच लोखंडी खांब उभा केला, त्यावर तबकडी लावली आणि तिथून घरोघरी तारा सोडल्या. जनरेटरच्या तारांत त्या अशा गुंतल्या होत्या की कोणती कुठे जाते हे कधीकधी त्यालाही कळायचं नाही. सरकारी वीज गेली की जनरेटर, जनरेटर थांबला की सरकारी वीज, आणि दर अदलाबदलीला सगळ्यांचे राउटर पहिल्यापासून सुरू व्हायचे. तेवढ्या वेळात अख्खी गल्ली वर बघून ओरडायची, "मुवफ्फक, नेट!" तो गच्चीवर जायचा, खांब जरा हलवल्यासारखा करायचा, तोवर नेट आलेलं असायचं.

"बाबा, तुम्ही काहीच करत नाही," त्याची मुलगी रुसूल म्हणायची.

"करतो की," तो म्हणायचा. "वर जातो."

मधल्या त्या वाईट वर्षांत, शहर अतिरेक्यांच्या ताब्यात होतं आणि घरात नेट सापडणं जिवावर बेतायचं तेव्हा, त्यानं खांबाचे तीन तुकडे केले आणि अंगणातल्या द्राक्षवेलाला टेकू म्हणून लावले. झडती घ्यायला आलेले लोक त्याच मांडवाखाली बसून पाणी पिऊन गेले. शहर सुटल्यावर त्यानं तुकडे पुन्हा जोडून खांब वर चढवला. जोड ओबडधोबड झाले, आणि वेल तेव्हापासून जमिनीवर लोळतो. त्यावरून बायको साहिरा त्याला अजून टोमणे मारते.

मग फायबर आलं. कंपनीच्या माणसांनी गल्ली खणली, खड्डे कसेबसे बुजवले आणि घराघरांत पांढरे चकचकीत डबे बसवले. नेट वेगवान, शिवाय स्वस्त. लोकांनी ते घेतलं याचा मुवफ्फकला राग नव्हता. त्यांच्या जागी असता तर त्यानंही घेतलं असतं. पण एकानंही येऊन सांगू नये? त्याच्या खोलीतल्या यंत्रावर प्रत्येक घराचा एक हिरवा दिवा होता. सकाळी चहाचा पेला घेऊन बघावं तर एखादा विझलेला. न्हावी अबू सरमदचा दिवा विझला, त्याच दिवशी त्यानं मुवफ्फकची दाढी करताना उन्हापासून कलिंगडापर्यंत सगळ्या गप्पा मारल्या, फक्त नेटचं नाव काढलं नाही. लोक हल्ली त्याला जरा जास्तच मोठ्यानं सलाम करत. इतकी वर्षं ज्यांच्या शिव्या खाल्ल्या त्यांना निरोपाचे दोन शब्द जड व्हावेत, हे त्याला फार लागलं.

शेवटी एकच दिवा उरला, समोरच्या उम्म यूनुसचा. म्हातारीचा यूनुस स्वीडनमध्ये रात्रपाळीला पाव भाजायचा आणि काम सुटलं की सकाळी आईला फोन करायचा. तिच्या एकटीसाठी मुवफ्फक सगळं चालू ठेवून होता. मग एके दिवशी तोही दिवा गेला.

"संपलं," तो साहिराला म्हणाला. "तारा आजच कापतो. उद्या खांब उतरवतो, भंगारवाल्याला बोलावलंय."

"भंगारात कशाला? माझ्या वेलाला द्या की."

"वेलाला लाकूड आणतो. हे लोखंड मला डोळ्यांसमोर नकोय."



सकाळी ऊन चढायच्या आत तो पाना घेऊन वर गेला. बुडाचा पहिला बोल्ट गंजला होता, हिसडे देऊन देऊन तो एकदाचा सैल झाला, आणि खालून आरोळी आली.

"मुवफ्फक! नेट!"

त्याला भास वाटला. पण लगेच दुसरी आरोळी आली, मग तिसरी. खिडक्या उघडल्या. अबू सरमद बनियनवर रस्त्यात उभा होता, फोन डोक्यावर धरून.

"अरे, काय चाललंय वर? कालच्या मॅचचा शेवटचा गोल बघत होतो! ऐन वेळी खुडबुड करायची तुझी खोड जायची नाही!"

मुवफ्फकनं घड्याळ पाहिलं. मग उलगडा झाला. दर उन्हाळ्यात बारावीचे पेपर फुटू नयेत म्हणून सरकार सकाळी सहा ते आठ सगळ्या देशाचं नेट बंद ठेवतं, आणि दर उन्हाळ्यात गल्ली ते विसरते.

"अबू सरमद," तो कठड्यावरून वाकून म्हणाला, "तुझा सरमद कुठाय?"

"कुठे असणार? आज पेपर आहे त्याचा. मघाशीच गे..."

परीक्षेच्या नेटबंदीची त्याला आठवण झाली. आणि त्यामागोमाग आणखी काहीतरी त्याच्या लक्षात येऊ लागलं. डोक्यावरचा फोन खाली आला.

"आणि गेलेलं नेट माझं आहे का रे?" मुवफ्फकनं विचारलं.

 दोन खिडक्या हळूच बंद झाल्या.

"तोंडाची सवय रे," अबू सरमद पुटपुटला. मग म्हणाला, "सांगायला हवं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. लाज वाटली."

"माझ्या गळ्यावर वस्तरा होता तुझा, तेव्हा सांगायचंस! मी काय करणार होतो?"

कुठल्यातरी खिडकीतून हसू आलं. अबू सरमदही हसला, पण मान खाली घालून.

मुवफ्फकला जरा हलकं वाटलं. त्यानं दुसऱ्या बोल्टला पाना लावला, इतक्यात उम्म यूनुस डोक्यावरची ओढणी सावरत दारात आली.

"मुवफ्फक, बाळा! यूनुस दवाखान्यातून बोलत होता रे! सुनेला कळा सुरू झाल्यात म्हणाला, आणि आवाजच गेला!"

"परीक्षा आहे, मावशी. आठ वाजता येईल सगळ्यांचं," अबू सरमद म्हणाला.

"बाळ काय कुणाच्या परीक्षेसाठी थांबणार आहे का? तू गप्प बस."

मागून तिची नात हिबा हळूच म्हणाली, "आजी, आपलं नेट आता त्यांच्याकडून येत नाही. मी तो नवा डबा आणला ना?"

"आणलास, मी नाही म्हटलं का? डबा कुठलाही आण. येतं ते त्याच्या खांबातूनच. मला काय आज कळतंय? वर बघ, खांब हलतोय, म्हणून फोन तुटला." तिनं हात जोडल्यासारखे वर केले. "बाळा, जे ढिलं केलंस ते घट्ट कर रे."

तिला समजावता आलं असतं. मुवफ्फकच्या ओठांवरही आलं होतं. पण म्हातारीचे जोडलेले हात अजून वरच होते, आणि गल्लीतलं कुणीच हसत नव्हतं.

"करतो हो, मावशी," तो म्हणाला. त्यानं पाना उलटा फिरवला आणि बोल्ट होता तसा आवळला.

मग तो तिथेच खांबाला टेकून बसला. थोड्या वेळानं अबू सरमद धापा टाकत वर आला, हातात चहा आणि साय लावलेले समून पाव. दोघांनी खाल्लं. बोलणं झालं ते सरमदच्या पेपराबद्दल.

आठ वाजता गल्लीभर फोन एकदम वाजू लागले. समोरच्या घरात आधी शांतता, मग किंकाळी, मग बायकांनी जिभा फिरवून केलेला आनंदाचा गजर. उम्म यूनुस पुन्हा दारात आली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"नात झाली! यूनुसला मुलगी झाली! अल्ला तुझे हात सलामत ठेवो, मुवफ्फक! आता त्याला हात लावू नकोस हं!"

दहाच्या सुमाराला भंगारवाला गाढवगाडी घेऊन आला आणि लोखंड कुठे आहे म्हणून विचारू लागला. मुवफ्फक तोंड उघडणार, तेवढ्यात अबू सरमद कुणाची तरी अर्धी दाढी तशीच टाकून, वस्तरा हातात घेऊन दुकानाबाहेर आला.

"कुठलं लोखंड? तो खांब काढला तर गल्लीचं नेट जाईल!"

भंगारवाल्यानं खांबावरून लोंबणाऱ्या तुटक्या तारांकडे पाहिलं, मग मुवफ्फककडे पाहिलं. मुवफ्फकनं पाना खिशात घातला.