मागणी क्रमांक नऊची लाल खूण

अर्जदार : मी स्वतः, वय पन्नाशीच्या पुढचे, व्यवसाय अर्जलेखन, बैठक तहसिलीच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली, राहणार नागभीडकडील जंगलकाठचे एक गाव.

गैरअर्जदार : जो कोणी उत्तर देण्यास बांधील असेल तो. तो कोण, हे अद्याप निश्चित झालेले नाही.

साक्षीदार पहिली : माझी पत्नी, मोहाची फुले वेचणारी.

साक्षीदार दुसरी : नागपूरची एक संगणक अभियंता, जिला आमच्या गावात सगळे मॅडम म्हणतात.

घटनेचा काळ : या वर्षीचा मोहाचा हंगाम. हे लिहीत असताना तो संपलेला नाही, आणि माझ्या अस्वस्थतेचे कारण तेच आहे.

नावे दिलेली नाहीत. आयुष्यभर मी इतरांची नावे, त्यांच्या वडिलांची नावे व सातबाऱ्यावरील चुकलेली नावे लिहीत आलो. हा मजकूर माझ्या घरचा आहे, आणि घरच्या माणसाचे नाव चारचौघांत घेण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

माझे शिक्षण नववीत थांबले. तथापि या तालुक्यातील पदवीधर माझ्यासमोर बाकावर बसून आपले म्हणणे सांगतात, आणि मी तेच म्हणणे नीट बांधून त्यांना वाचून दाखवतो, तेव्हा त्यांना ते प्रथमच समजते. अर्जाचे दोन भाग असतात, हकीकत आणि मागणी. प्रत्येक मागणीच्या पाठीशी हकीकतीतील एक परिच्छेद उभा असला पाहिजे. नसेल तर समोरचा साहेब ती मागणी वाचतो आणि पान उलटतो. हे मला कोणी शिकवले नाही. पाने उलटताना पाहून मी शिकलो.

गेल्या हिवाळ्यात, धानाचे चुरणे, म्हणजे मळणी, आटोपल्यावर, मॅडम आमच्या गावी आल्या. त्यांच्या कंपनीला काम मिळाले होते. जंगलाच्या काठावर झाडांना कॅमेरे लावायचे, वाघ गावाकडे सरकला की गावकऱ्यांच्या मोबाईलवर सूचना पाठवायची. त्याआधी गावाचे म्हणणे लिहून घ्यायचे होते. लिहून घ्यायचे म्हटल्यावर लोकांनी मला बोलावले, हे ओघानेच आले. बुद्धविहाराच्या सभागृहात सतरंजी अंथरली. बाया भिंतीला टेकून बसल्या. मी मॅडमच्या शेजारी खुर्चीवर बसलो.

"ताई, सूचना कधी यायला पाहिजे?" मॅडमनी विचारले.

माझी पत्नी म्हणाली, "मोहाले जाच्या आंधी."

"म्हणजे किती वाजता?"

"घड्याळ पाहून मोह पडते का वो मॅडम?"

बाया हसल्या. पत्नीने पदर सावरून पुढे सांगितले, "अंधार राह्यते तवाच जा लागते. उशीर केला तं ढोरं येऊन फुलं खाऊन टाकतेत. मंग आमी काय पाला वेचाचा?"

कोपऱ्यातील एक म्हातारी म्हणाली, "अन् वाघ बी त्याच येळेले फिरते बाई."

मी ते लिहिले. स्त्रिया मोहफुले वेचण्यासाठी घराबाहेर पडण्यापूर्वी, उजाडण्याच्या पुष्कळ आधी, सूचना पोहोचावी. मॅडमनी वाचून मान हलवली. "काका, 'पुष्कळ आधी' चालत नाही. उद्या आम्हाला तपासता आलं पाहिजे, झालं की नाही झालं." मला थोडा राग आला, कारण माझे वाक्य सहसा कोणी दुरुस्त करीत नाही. पण त्यांचे म्हणणे बरोबर होते. शेवटी वाक्य असे ठरले : कॅमेऱ्यात वाघ दिसताच, कोणताही विलंब न होता, सूचना संबंधित गावातील मोबाईलवर गेली पाहिजे. ही मागणी क्रमांक नऊ.

त्यानंतर मॅडमनी मला जे दाखवले, त्याने मी काही दिवस भारावून गेलो होतो. त्यांच्या संगणकावर अर्ध्या पडद्यात आमच्या मागण्या होत्या, क्रमांकासह. उरलेल्या अर्ध्यात चौकटी आणि बाण होते. कॅमेरा, मग ओळख, मग सूचना, असा एकातून दुसऱ्यात जाणारा आराखडा. मागण्यांचे सॉफ्टवेअर वेगळे, आराखड्याचे वेगळे.

"आधी दोघांची एकमेकांशी ओळखच नसायची," मॅडम म्हणाल्या. "मागण्या लिहिणारे लिहायचे, आराखडा काढणारे काढायचे. आता आम्ही दोन्ही जोडलेत. दाबून बघा."

मी मागणी नऊवर बोट ठेवले. पलीकडे 'सूचना पाठवा' ही चौकट उजळली. चौकटीवर बोट ठेवले तर मागणी नऊ समोर आली. मी पुन्हा दाबले. ज्या चौकटीमागे एकही मागणी नाही अशी एखादी सापडते का, हेही मी पाहिले, आणि एक सापडली : दर आठवड्याला वरिष्ठांना अहवाल. गावातील कोणीही ती मागितलेली नव्हती. मॅडम हसल्या. "ती न मागता येते, काका."

"आणि मागणी बदलली तर?"

"तिच्याशी जोडलेल्या चौकटीवर लाल खूण येते. चौकट बदलली तर मागणीवर येते. मग माणसाने उघडून बघायचं, अजून जुळतंय का. जुळत असेल तरच खूण काढायची."

माझ्या व्यवसायात अर्ज एका कपाटात असतो आणि आदेश दुसऱ्या कपाटात. आदेश फिरला तर अर्जाला कळत नाही, आणि अर्जदार पुरवणी अर्ज घेऊन माझ्यापुढे येतो. लाल खूण ही गोष्ट मी कोणत्याही कचेरीत पाहिलेली नव्हती. त्या संध्याकाळी मी पत्नीला म्हणालो, "तुझे म्हणणे आता थेट यंत्राला बांधले आहे."

"बांधलं तं बरं झालं," ती म्हणाली. "तुमाले तं बांधून पाह्यलं, काई फरक नाई पडला."

मोह सुरू झाला. पूर्वी आमच्या गावच्या बाया एकमेकींच्या दारात हाका मारून, सगळ्या जमल्यावर, रिकामा डबा वाजवीत जंगलात शिरत. मोबाईलची सूचना आल्यापासून ही रीत सुटली. मोबाईल वाजला नाही म्हणजे वाघ नाही, असे मी स्वतः चौकात समजावून सांगितले होते आणि लोकांनी ते मानले होते. ज्या बाईला आधी जाग येई ती आधी निघे, कारण आधी पोहोचलेलीला जास्त फुले. माझी पत्नी बहुतेक सर्वांच्या पुढे असे. जाण्यापूर्वी मोबाईल माझ्या उशाशी ठेवून म्हणे, "तुमचा अर्ज काई वाजला नाई. मी जाऊन राह्यली."

त्या सकाळी ती परत आली, अंगणात फुले पसरू लागली. ऊन कौलांवर आले होते. मी चहा घेत होतो आणि मोबाईल वाजला. गावाजवळ वाघाचा वावर, नाल्याच्या वाटेने जाऊ नये.

तिने हातातील फुले खाली टाकली. "नाल्याच्याच वाटेनं तं आली मी."

"आता?"

"तुमी तोंड धूत होते तवा. आता सांगून राह्यला हा?"

मी सायकल काढली आणि नाल्यावर गेलो. वाळू ओली होती. तिच्या चपलांचे ठसे जाताना उमटलेले होते, स्पष्ट. एका ठिकाणी टाचेच्या खुणेवर पंजाची खूण पडलेली होती. म्हणजे ती गेल्यावर तो तेथून गेला. परत येताना ती त्याच वाळूवरून चालत आली, आणि डोक्यावर टोपली असल्याने तिने खाली पाहिले नाही. सायकल हातात धरून पायी परतलो.

दुसऱ्याच दिवशी मी एसटीने मूलमार्गे चंद्रपूरला गेलो. कंपनीचे कार्यालय एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर होते. मॅडमनी मला पाणी दिले. मी पाणी न पिता हकीकत सांगितली. त्यांनी संगणक उघडला. मागणी नऊ समोर आली, तिच्यापासून चौकटीपर्यंत रेघ होती, आणि कोठेही लाल नव्हते.

शेजारच्या टेबलावरील त्यांच्या सहकाऱ्याने मान वळवून पाहिले. "लिंक तर आहे ना काका. तुटलेली नाही."

"माझे अर्जही फाईलला जोडलेलेच असतात," मी म्हणालो. "फाईल उघडा."

मॅडमनी चौकट उघडली. चौकटीच्या आत आणखी चौकटी होत्या. कॅमेऱ्यात वाघ दिसल्यावर थेट सूचना जात नव्हती. मध्ये एक नवी पायरी बसली होती : वनकर्मचाऱ्याने फोटो पाहून खातरजमा करावी, मगच सूचना जावी. मॅडमनी जुन्या नोंदी चाळल्या. मधल्या काळात एका कार्यालयाकडून नवी मागणी आली होती की खात्रीशिवाय सूचना जाऊ नये, कारण एका गावात रानडुकराला वाघ समजून धावपळ झाली होती. मागणी गैर नव्हती. ती त्याच चौकटीला जोडली गेली, चौकट बदलली, आणि खातरजमा करणारा कर्मचारी रात्रीच्या फेरीनंतर झोपून, उठून, मोबाईल हातात घेईल तेव्हा सूचना निघू लागली.

"मग मागणी नऊवर लाल खूण यायला हवी होती," मी म्हणालो.

"आली होती." मॅडम पडद्याकडेच पाहत होत्या. "काढली गेली."

"कोणी उघडून पाहिले?"

त्यांनी सहकाऱ्याकडे पाहिले. सहकारी म्हणाला, "त्या आठवड्यात साहेबांची पाहणी होती. वरून निरोप होता, पडद्यावर एकही लाल दिसायला नको. सगळ्या एकदम काढल्या."

मला हे समजावून सांगण्याची गरज नव्हती. साहेबांच्या दौऱ्याआधीचा आठवडा मी फाटकाबाहेर बसून वर्षानुवर्षे पाहिलेला आहे. त्या आठवड्यात प्रलंबित अर्ज शून्यावर आणतात. आतून गठ्ठेच्या गठ्ठे निकाली निघून येतात, आणि ज्यांचे अर्ज निकाली निघाले ते लोक नंतर माझ्याकडे येऊन विचारतात, भाऊ, निकाल काय लागला? यंत्रात ही रीत पोहोचणार नाही असे मी का समजून चाललो होतो, ते मला सांगता येत नाही. यंत्र नवे होते, माणसे आमचीच होती.

"मॅडम," मी म्हणालो, "तुमच्या पडद्यावर सगळे जुळलेले आहे. नाल्याच्या वाळूत माझ्या पत्नीच्या टाचेवर पंजा आहे. यातले कोणते खरे धरायचे?"

मॅडमनी मागणी नऊ पुन्हा लाल केली. मग एका कोऱ्या जागी तुटक रेघांची नवी चौकट काढली : वाघ दिसताच पहिली सूचना, 'खातरजमा बाकी' अशा शब्दांत, खातरजमा झाली की दुसरी. दोन्ही मागण्या तिला जोडल्या. मला ते पटले. कोणाचीच मागणी मारली जात नव्हती.

"हे उद्यापासून सुरू होईल?"

"तुटक रेघ म्हणजे प्रस्ताव, काका. मंजुरी लागते."

"कोणाची?"

"ते विचारून सांगते." मग त्या हळूच म्हणाल्या, "लाल मात्र मी आता काढू देणार नाही."

घरी पोहोचलो तेव्हा पत्नी चुलीजवळ होती. "काय झालं?"

"लाल केले."

"मंग?"

"मंजुरी यायची आहे."

"अन् तवरी वाघाले काय सांगू? थांब म्हणू का, साहेब सही करून राह्यले?"

मी म्हणालो, हंगाम संपेपर्यंत जाऊ नकोस. ती हसलीसुद्धा नाही. म्हणाली, "मोह काऊन सोडू मी? माह्या बापाच्या घरापासून वेचून राह्यली." थोड्या वेळाने ताटात भाकर वाढताना म्हणाली, "तुमीच सांगलं होतं न सगळ्याईले, वाजलं नाई तं वाघ नाई. आता तुमीच सांगा जाऊन, डबा काढा म्हणून."

मी त्याच संध्याकाळी घरोघरी गेलो. ज्या चौकात मी भाषण केले होते त्याच चौकात पुन्हा उभा राहिलो. सभागृहात बोललेल्या त्या म्हातारीने विचारले, "भाऊ, मंग तो मोबाईल कायले हाये?" मी म्हणालो, घरी आल्यावर वाचण्यासाठी. सगळ्या हसल्या, मीही हसलो, पण मला ते हसणे नंतर बराच वेळ जाच करीत राहिले.

आता बाया पुन्हा एकत्र निघतात. डबा मी वाजवतो, कारण पत्नीने तो माझ्या हातात दिला आणि हे काम तुमचेच असे सगळ्यांदेखत सांगितले. फाटकाबाहेर मी उशिरा पोहोचतो, पक्षकार ताटकळतात. झाडाखाली बाया वाकून फुले वेचतात आणि मी उभा राहून एका हाताने डबा वाजवतो, दुसऱ्या हातात मोबाईल धरून त्याच्याकडे पाहत असतो. तो वाजत नाही. पूर्वी त्याच्या शांततेने मला झोप लागायची. आता त्याच शांततेत मी झाडीकडे पाहतो. मॅडमना मी फोन करतो. त्या उचलतात, म्हणतात, अजून लाल आहे काका, अजून तुटकच आहे. मंजुरी कोणाकडे आहे ते त्यांनाही अजून कळलेले नाही.

मोहाची फुले आता विरळ झाली आहेत. त्यानंतर विडीच्या पानांचा, म्हणजे तेंदूपत्त्याचा, हंगाम सुरू होईल, आणि याच बाया याच वाटेने, जंगलात अधिक आत जातील. तेथे डब्याचा आवाज सर्वांपर्यंत पोहोचणार नाही.

सबब, जो कोणी या चौकटीवर सही करण्यास पात्र असेल त्याने मागणी क्रमांक नऊ स्वतः उघडून वाचावी, तिच्याशी जोडलेली चौकट आतपर्यंत उघडून पाहावी, आणि दोन्ही जुळतात की नाही हे आपल्या हुद्द्यासह लेखी कळवावे. जुळत नसल्यास तुटक रेघ सलग करण्याचा आदेश द्यावा. नाकारायचे असल्यास तेही लेखी नाकारावे, म्हणजे बायांना खरे काय ते सांगता येईल. तोपर्यंत कोणाच्याही पाहणीसाठी ती लाल खूण काढली जाऊ नये. उत्तर तेंदूपत्त्याचा हंगाम लागण्यापूर्वी मिळावे. अर्जदार सकाळी जंगलात असतो. दुपारनंतर कडुनिंबाखाली भेटेल.