मंगलाबाईंकडचा नकटा पाहुणा

सुदामा नगरात आमच्या शेजारी मंगलाबाई राहतात. नवरा गेल्यावर पंचवीस वर्षं शिवणकाम करून त्यांनी घर चालवलं. स्वयंपाकघरात अंडंसुद्धा येऊ न देणाऱ्या ह्या बाई गेल्या डिसेंबरात एका सापात गुंतल्या.

त्यांचा भाडेकरू आशिष नोकरी बदलून शहर सोडून गेला. वरच्या खोलीत काचेची पेटी तशीच राहिली. त्याचा फोन बंद. पेटीत भुशावर हातभर लांबीचा, जाडसर, तपकिरी ठिपक्यांचा साप.

गल्लीतल्या यशवर्धनने दारातूनच निकाल दिला, "काकी, वायपर है वायपर! जहरीला! डंडा लाऊँ?"

"डंडा तुझ्या घरी ठेव, भिया. माझ्या छताखाली आहे तो. त्याला मी मरू देणार नाही."

मग त्यांनी मला बोलावलं. मी बीकॉम, विमा कार्यालयात चौतीस वर्षं झाली, निवृत्तीला चार महिने उरलेत. सापातलं मला काही कळत नाही, पण खोली आवरता येते. मी रद्दी बांधली, खिडकी लावली, पेटीखालच्या काळ्या चटईचा प्लग काढला. रिकाम्या खोलीत वीज कशाला?

मंगलाबाईंनी नागपंचमीच्या सवयीने वाटीत दूध ठेवलं. सापाने त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. रोज ताजं दूध, रोज तसंच. नवव्या दिवशी त्यांनी झाकण उघडताच तो फुसफुसला, वेडावाकडा झाला, उताणा पडला. तोंड उघडं, जीभ बाहेर.

"दिवाकरभाऊ, गेला हो! माझ्या घरात उपाशी गेला."

घरात साप मेला तर आमच्याकडे त्याला अग्नी देतात. बाईंनी डोळे पुसत गोवऱ्या काढल्या, तुळशीचं पान आणलं. उताणा कसा न्यायचा, म्हणून मी काठीने त्याला पालथा केला. तो पुन्हा उताणा झाला. पुन्हा पालथा केला, पुन्हा उताणा.

"मेल्यावर कुणी कूस बदलतं का हो?" बाईंनी विचारलं.

मी मोबाईलवर त्याचं चित्रण करून शरदरावांना पाठवलं. ते स्नेहलतागंजात राहतात, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. लगेच त्यांचा फोन आला. हसू आवरत नव्हतं.

"नाटक आहे सगळं! हा हॉगनोज, अमेरिकेतला. घाबरला की मेल्याचं सोंग घेतो. नाक बघा, माती उकरायला वर वळलेलं. विषाचे दात मागे, जबड्याच्या आत. विष सौम्य, पण चावला तर हात सुजेल, म्हणून खाणं चिमट्यानेच द्या. दूध काढा, पाणी ठेवा. अन् बाहेर सोडू नका, वन विभागाला मी कळवतो. खाली ऊब देणारी चटई आहे ना? ह्या थंडीत ऊब नसेल तर तो खाणारच नाही."

"तिचा प्लग मी काढलाय," मी म्हणालो.

मंगलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तुमच्या टापटिपीने जीव घेतला असता की त्याचा!"

प्लग लागला. दुकानातून उंदराची गोठवलेली पिल्लं आणली, पण बाईंच्या फ्रिजला ती चालेनात. मटारांच्या पिशवीमागे माझ्या फ्रिजमध्ये डबा ठेवला. माझी बायको वसुधा म्हणाली, "रिटायर होऊन काय करणार, विचारत होते मी. उंदीर सांभाळणार, हे आधी सांगायचं ना!"

दोन दिवस पेटी नीट उबदार होऊ दिली. तिसऱ्या दुपारी पिल्लू कोमट पाण्यात सैल करून पुसलं. मी चिमटा हातात घेतला, तर बाई म्हणाल्या, "द्या इकडे. घर माझं आहे." नवा, लांब चिमटा धरून त्यांनी मान दुसरीकडे वळवली. "देवा, पापाचं मग बघू. आधी ह्याचं पोट भर."

साप भुशातून वर आला. जीभ लपलपली. मागे सरला. बाईंनी चिमटा तसाच पुढे धरून ठेवला. मग त्याने झटक्यात पिल्लू पकडलं आणि जबडा इकडून तिकडे सरकवत गिळू लागला.

बाईंनी चिमटा सोडला आणि वळून पाहिलं. डोळे भरून आले होते. पेटीजवळ जमिनीवरच बसल्या.

"हळू खा रे," त्या म्हणाल्या. "कुणी ओढून नेत नाहीये."