कौसाताईंचा ‘गावचा मान’

कौसाताईंच्या दहाव्याला माणसं हसत होती. बाहेरगावच्या एका पाहुण्याला ते आवडलं नव्हतं, त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण त्याला काय सांगणार... तिसगावच्या ओढ्याकाठी आम्ही सगळे बसलो होतो, पिंड मांडलेला होता आणि कावळा समोरच्या लिंबावरून खाली उतरायला तयार नव्हता. लेकानं हात जोडून सांगून पाहिलं, की वडलांना सांभाळीन. सुनेनं सांगितलं, पिठाची गिरणी विकणार नाही. कावळा ढिम्म. ऊन चढायला लागलं. तेव्हा मागून नामदेव उठला. नामदेव म्हणजे गावातला पट्टीचा पोहणारा, मोजकं बोलणारा माणूस. तो पुढं आला, खाकरला आणि म्हणाला, “ताई, गावचा मान औंदा बी हुणार. आन दुसरीकडं कुटं न्हाई, मानकऱ्याच्याच दारात हुणार.” कावळा उतरला. त्याला भूक लागली असेल, वाऱ्याची दिशा बदलली असेल, मी शिक्षिका असल्यामुळे मला अशी कारणं सुचतात. पण त्या क्षणी सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि सगळे हसत होते.

कौसाताई गेल्याची बातमी मला कळली तेव्हा तिसगाव सोडून नगरला आलेली मी घरी मेथी निवडत बसले होते. भानुदासभाऊंचा फोन आला. हे कौसाताईंचे यजमान. आयुष्यात त्यांनी मला कधी फोन केला नव्हता, त्यामुळे नाव दिसताच हातातली जुडी खाली ठेवली. “बाई, कौसा गेली,” ते म्हणाले. “पहाटं. झोपेतच. कुनाला तरास दिला न्हाई.” मी काहीतरी बोलले असेन, आठवत नाही. फोन ठेवताना ते म्हणाले, “काल सांजच्याला तुमचंच नाव काढलं हुतं तिनं. बाईस्नी बोलवायचं, औंदाचं ठरवायचं हाय, म्हनली.”

‘औंदाचं’ म्हणजे या वर्षीचा पुरस्कार. तिसगावात त्याला कुणी पुरस्कार म्हणत नाही, ‘गावचा मान’ म्हणतात. तो सुरू कसा झाला ते मी पाहिलं आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत माझी बदली झाली आणि मी तिसगावात खोली घेतली, ती कौसाताईंच्या पिठाच्या गिरणीला लागून. गिरणीचा पट्टा फिरायला लागला की माझ्या भिंतीवरचं कॅलेंडर थरथरायचं. पहिल्याच आठवड्यात मी तक्रार करायला गेले आणि चहा पिऊन परत आले. त्या मला ‘बाई’ म्हणत, मी त्यांना ‘कौसाताई’. वयानं फारसं अंतर नव्हतं, पण त्यांच्या कपाळावर, भुवयांवर कायम पीठ बसलेलं असे, त्यामुळे त्या माझ्यापेक्षा मोठ्या दिसायच्या. दळण येईपर्यंत बायाबापड्या ओट्यावर बसायच्या आणि गावातली सगळी सुखदुःखं तिथं सांडायची. कौसाताई मशीनच्या आवाजावर आवाज चढवून बोलायच्या. ती सवय इतकी अंगवळणी पडली होती, की गिरणी बंद असतानाही त्या ओरडूनच बोलत.

एका स्वातंत्र्यदिनी शाळेच्या मैदानावर गुणवंतांचे सत्कार होते. व्यासपीठावर बसलेल्यांनी व्यासपीठावर बसलेल्यांचेच सत्कार केले. आम्ही दोघी मागच्या सतरंजीवर होतो. कौसाताई माझ्या कानाशी आल्या आणि त्यांच्या दृष्टीनं हळू आवाजात म्हणाल्या, “बाई, हेंनी एकमेकांलाच शाली घातल्या. घरून येतानाच आपापली पांघरून आले असते तर येळ वाचला असता.” पुढच्या तीन रांगा वळून हसल्या. त्या मात्र हसत नव्हत्या. घरी परतताना म्हणाल्या, “नामदेवानं आजवर विहिरीतून किती माणसं काढली, वासरं काढली. त्याला कुनी साधं बस बी म्हनत न्हाई. आपुन करू त्याचा सत्कार.” मी विचारलं, आपण म्हणजे कोण? “तुमी आन मी. गिरणीवर येनारं गाव हायेच की.”

त्यांनी दोनच गोष्टी पक्क्या केल्या. एक, जो निवडणुकीला उभा आहे किंवा राहणार आहे त्याला मान नाही. दुसरी, मानकऱ्याबद्दल बोलायचं ते त्यानं ज्याच्यासाठी काही केलं त्यानंच, दुसऱ्या कुणी नाही. आणि शालीऐवजी घोंगडी. “शाल कपाटात जाती. घोंगडी अंगावर येती,” हे त्यांचं म्हणणं. नारळ, फेटा आणि घोंगडी, बस्स.

पहिल्या वर्षी शाळेच्या मैदानात मांडव घातला. गाव जमलं. नामदेव आलाच नाही. त्याची बायको म्हणाली, “माळावरच्या विहिरीत मोटर अडकलीया म्हनून सकाळीच गेल्यात.” विहिरीच्या मालकानं तिथंच सांगून टाकलं की त्याची मोटर उत्तम चालू आहे. कौसाताईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, “चला.” सगळं गाव त्यांच्यामागून माळावर. नामदेव खरोखरच विहिरीत होता. उन्हाळ्याचं गुडघाभर पाणी, त्यात उभा राहून वर बघत होता. कौसाताई काठावर वाकल्या. “वर ये नामदेवा.”

“न्हाई येत. लाज वाटती.”

“आरं, सत्कार हाय, लगीन न्हाई.”

“लग्नातनं बी पळालो हुतो मी.”

त्याची बायको काठावरून म्हणाली, “व्हय, पळाले हुते. भावानं धरून आनले.”

हसण्याचा असा गडगडाट झाला की विहिरीत तो घुमून परत वर आला. शेवटी माती वाहायची पाटी मागवली, तिला दोर बांधला आणि तिच्यातून नारळ, फेटा, घोंगडी खाली सोडली. नामदेवानं खालीच फेटा बांधला. आता बोलायचं कुणी? हौसाबाई नावाच्या म्हाताऱ्या पुढं झाल्या. त्यांचा नातू लहानपणी याच विहिरीत पडला होता. दोघींनी त्यांना धरलं, त्या काठावर वाकल्या आणि म्हणाल्या, “नामा... माझा नातू धाव्वीला गेला रं.” विहिरीनं तेवढंच वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं. मग नामदेव म्हणाला, “नारळ हितंच फोडू का? वर फेकाया येत न्हाई.” त्या दिवसापासून ठरलं. माणसाला मांडवात आणायचं नाही, मान माणसाकडं न्यायचा. मी नोकरीत अनेक समारंभ पाहिले, पण काठावर ओणवं होऊन खाली टाळ्या वाजवणारं गाव पुन्हा कुठं पाहिलं नाही.

आमच्या पाथर्डी भागातली निम्मी घरं दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघतात, कुणी श्रीगोंद्याकडं, कुणी आणखी लांब. मुलं मागं राहतात. सगुणाआजी नावाच्या एकट्या बाई अशा मुलांना आपल्या दोन खोल्यांत ठेवून घेत. नातं नाही, गोतं नाही. भाकरी करून घालत, डोकी विंचरून शाळेत पाठवत. त्यांच्या हातची दोन घट्ट वेण्यांची पोर वर्गात आली की मी लांबून ओळखायची. त्यांना मान द्यायचा ठरला तेव्हा कौसाताईंनी ऊसतोडीच्या टोळ्या परत येईपर्यंत कार्यक्रम थांबवून ठेवला. “आईबाप नसतील तर बोलंल कोन?” आजींच्या अंगणात सगळे जमले. बोलायला उभी राहिली ती एका मुलीची आई, कारखान्यावरून नुकतीच आलेली, हातावर कोयत्याचे घट्टे. बोलायचं सोडून ती आत गेली, खोबरेलाची बाटली आणि फणी घेऊन आली, आजींच्या मागं बसली आणि सगळ्या गावासमोर त्यांचे पांढरे केस सोडून तेल लावायला लागली. विंचरून, नीट वेणी घालून तिनं हात खाली घेतले. आजी डोळे मिटून बसल्या होत्या. कौसाताई म्हणाल्या, “झालं भाषण. वाजवा टाळ्या.”

मग नाव झालं. नाव झालं की जे येतं तेही आलं. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यांनी निरोप धाडला, की कार्यक्रम मंगल कार्यालयात घेऊ, जेवणावळ आमची, फक्त मानाला आमच्या वडिलांचं नाव द्या. गिरणीच्या ओट्यावर दोन तट पडले. भानुदासभाऊ पहिल्यापासून या सगळ्यावर कुरकुरत असत, “दळान सोडून दुनियेच्या चौकश्या,” असं म्हणत. तेसुद्धा म्हणाले, “घ्या की, आयतं हाय.” चार दिवस नवराबायकोत बोलणं नव्हतं. मला वाटलं, संपलं सगळं. एका बाजूला नाही म्हणायची सोय नव्हती, गावाची कामं त्यांच्याकडं अडकलेली. दुसऱ्या बाजूला हो म्हटलं, तर शालींचाच खेळ पुन्हा सुरू. पुढारी स्वतः गिरणीवर आले तेव्हा कौसाताईंनी दळण थांबवलं, हात झटकले आणि सरळ म्हणाल्या, “सायेब, नाव गावाचं हाय, ते बदलायला मी कोन? पन तुमी जरूर या. मानाच्या पंगतीत वाढायला मानूस कमी पडतंय.” त्यांनी आधी आपल्या पांढऱ्या बाह्यांकडं पाहिलं. मग म्हणाले, “काय वाढायचं?” “आमटी. हात थरथरत न्हाई ना?” त्या वर्षी ते बाह्या सारून पंगतीत आमटी वाढत फिरले. पांढऱ्या कपड्यांवर पिवळे शिंतोडे घेऊन निघताना मला म्हणाले, “बाई, लई दिवसांनी लोकांनी मला काहीतरी मागितलं आणि मी लगेच दिलं.” पुढच्या वर्षी निरोप न धाडता आले आणि आल्याआल्या पळी कुठाय विचारलं.

आता कौसाताई नाहीत आणि ओढ्याकाठी शब्द देऊन बसलेलो. दहाव्यानंतर गावातल्या जाणत्या मंडळींनी सुचवलं, की या वर्षीचा मान कौसाताईंनाच द्यावा, मरणोत्तर. सगळ्यांना पटलं, मलाही. भानुदासभाऊ कोपऱ्यात बसले होते. म्हणाले, “न्हाई. तिला आता काय कळनार. जित्या मानसाला द्या, न्हाईतर ती माझ्यावर चिडंल.” दुसऱ्या दिवशी त्यांनी गिरणी उघडली. सून मशीनवर आणि भाऊ बाहेर, कौसाताई बसायच्या त्या ओट्यावर. दळण घेऊन आलेल्या प्रत्येकाला ते खाली मान घालून विचारायला लागले, “औंदा कोन?” सून मला सांगत होती, गावात ही गोष्ट पसरली तशी घरात पीठ भरलेलं असताना बायका पदरात दोन मुठी ज्वारी बांधून गिरणीवर यायला लागल्या. भाऊंनी विचारावं म्हणून. जे गृहस्थ आयुष्यभर ‘हं’ आणि ‘बरं’ यांवर भागवत आले, त्यांना गाव बोलायला शिकवत होतं.

वेगवेगळ्या घरांतून एकच नाव आलं. रफिकभाई, बसस्टँडजवळचे गॅरेजवाले. त्यांच्याकडं एक जुना टेम्पो आहे. अडलेली बाळंतीण नगरला न्यायची असली की लोक त्यांच्या दारात जातात आणि ते हातातलं काम टाकून निघतात. सगळ्याच फेऱ्या नगरपर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे टेम्पोला गावात ‘पाळणा’ म्हणतात. गेल्या आठवड्यात त्यांच्या गॅरेजमध्ये गावचा मान झाला. नामदेवानं टेम्पोलाच आधी हार घातला. पुढारी वेळेवर आले, पळी घेऊन सज्ज. बोलायला कॉलेजात जाणारी एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “माझ्या दाखल्यावर जन्मगाव तिसगाव लिहिलंय. पण माझं खरं जन्मगाव नगरच्या वाटेवरचा करंजीचा घाट. रफिकचाचांनी गाडी कडंला घेतली, आईची ओढणी दाराला बांधून आडोसा केला आणि स्वतः रस्त्यात उभं राहून येणाऱ्या गाड्यांना हॉर्न वाजवू दिला नाही.” रफिकभाई घोंगडीत तोंड लपवून बसले होते. त्यांची बायको सगळ्यांना सांगत होती, “घरात हॉर्नसारखेच बोलतात, आता बघा.” भाऊंनी फेटा बांधला. तो अगदी सरळ बसला.

पंगती उठल्या, ऊन कललं. दरवर्षी या वेळी कौसाताई एक काम करायच्या, त्याबद्दल भाषणात कधी कुणी बोललं नाही. गर्दी पांगायला लागली की त्या गुपचूप मानकऱ्याच्या घरातून केरसुणी मागून घ्यायच्या आणि अंगण झाडायला लागायच्या. “ज्येला मान दिला त्येच्याच गळ्यात कचरा कशापायी?” असं म्हणायच्या. मी दरवर्षी म्हणायची, राहू द्या, पोरं करतील. त्या ऐकायच्या नाहीत. यंदा मी वळून पाहिलं तर भानुदासभाऊ केरसुणी घेऊन वाकलेले. पलीकडं नामदेव पत्रावळ्या गोळा करत होता. सगुणाआजी एका हातानं कंबर धरून दारासमोरचा कोपरा झाडत होत्या आणि पुढारी त्यांच्यापुढं सुपडी धरून बसले होते. रफिकभाई धावत आले, “अहो, गॅरेज हाय हे, कितीबी झाडा, काळंच राहनार.”

“राहू दे काळं,” भाऊ म्हणाले. ते चक्क ओरडून म्हणाले, मशीन चालू असावी तसं. “बाई, तुमी नुसत्या उभ्या का? ती दुसरी केरसुनी घ्या.”

मी पदर खोचला आणि घेतली.