स्क्रूमधलं हळदकुंकू

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय! माझ्या जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क मरायला टेकली होती. दुकानदार म्हणाला, "ताई, भंगारात द्या." म्हटलं, नाही देणार! फोटो काढून घेतले, नवी डिस्क आणली, स्वतःच उघडायला बसले. तर स्क्रू फिरेचनात! झाकणावर डाग नको म्हणून आई दर दसऱ्याला हळदकुंकू खालच्या बाजूला लावते, ते खाचांत घट्ट बसलेलं.

"आई, किती गं लावतेस!"

"म्हणून तर नऊ वर्षं चालला!"

टाचणीने खरवडताना वाटलं, ज्याची दरवर्षी पूजा केली, ते एक भाग थकला म्हणून फेकायचं? हे ठरवणारा तो दुकानदार कोण?

डिस्क बसवली, सगळं परत भरलं. चालू झाला! तुम्हीही असं काही हट्टाने वाचवलंय का?