काठाखालची आत्या

खरं सांगा, तुमच्या घरी लग्नाचा जो जुना फोटो आहे, त्यात अगदी कडेला कोण उभं आहे? नवरा-नवरी सांगू नका, ती सगळ्यांनाच ठाऊक असतात. कडेचं माणूस सांगा. नाही ना येत? काचीगुड्याच्या त्रिवेणीला मात्र फोटो हातात घेतला की आधी कडाच दिसतात. त्यामागं कारण आहे.

स्टेशनच्या रस्त्यावर अरविंदशेठचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथं ती कामाला. कुठला क्लास नाही की सर्टिफिकेट नाही. बघून बघून कॉम्प्युटर शिकली. लोक जुने फोटो स्कॅन करायला आणतात आणि ती त्यांना घरातल्याच नक्षीचा काठ लावून देते. कुणी आजीच्या लुगड्याची किनार आणतं, कुणी दारातल्या रांगोळीचा फोटो, एकीनं तर जर्मन धातूच्या डब्याचं नक्षीदार झाकण आणलं होतं. नक्षीची एक पट्टी स्कॅन करायची, ती चारी बाजूंनी फिरवायची आणि कोपऱ्यात अशी जुळवायची की सांधा दिसू नये. आख्ख्या दुकानात हे एकटीलाच जमतं, आणि तिला ते पक्कं माहीत आहे.

त्या दिवशी दुपारी कुलदीप आला. डोक्यावरचं हेल्मेटसुद्धा काढलं नाही.

"अक्का, चारच्या आत पाहिजे. बाबांची एकसष्टी आहे उद्या."

त्यानं काउंटरवर आई-बाबांच्या, म्हणजे चतुराबाई आणि भगवंतरावांच्या लग्नाचा फोटो टाकला. शेजारी गोधडीचा एक तुकडा. बारीक, सरळ टाक्यांचा, जणू मुंग्यांची रांग.

"काठ या टाक्यांचा करा. पण डावीकडून रुंद घ्या, चार बोटं."

"तिन्हीकडं दोन अन् एकीकडं चार? चौकट करायची का पायजमा शिवायचा?"

"तिथं एक जण हाय, अक्का. झाकायची हाय."

त्रिवेणीनं फोटो मोठा करून पाहिला. मांडवाच्या शेवटच्या खांबाला टेकून एक बाई उभी होती. पांढरं लुगडं, कपाळावर ओढलेला पदर. बाकी सगळे नवरीकडं बघत होते, ही एकटी सरळ कॅमेऱ्याकडं.

"कोण ही?"

"आमची आत्या, सुशीलाबाई. तेव्हाच विधवा होती ना. आई म्हणते, शुभ कामाला ती कायकू समोर, कशाला दिसायची."

"हयात हाय?"

"हौ, घरातच हाय."

"अन् ही गोधडी कुणी शिवली?"

"तिनंच की," कुलदीप म्हणाला. पापणीही लवली नाही त्याची.

त्रिवेणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईला झाकायचं, आणि तेही तिच्याच टाक्यांखाली! तिनं माउस बाजूला सारला.

"नाही करत."

"काय?"

"बाई नको असंल तर तिचे टाके पण नको. घरात दुसऱ्या कुणाच्या हातचं काही असंल ते घेऊन ये. त्याचा काठ घालते, हात-हात रुंद घालते. जा."

आतून अरविंदशेठ धावत आले. "त्रिवेणीबाई, गिऱ्हाईक हाय! काठ टाका अन् मोकळं व्हा."

"तुम्ही टाका, शेठ. ही घ्या खुर्ची."

शेठनी खुर्चीकडं पाहिलं, स्क्रीनकडं पाहिलं, आणि गुपचूप आत गेले. कुलदीपनं बाहेर जाऊन गाडीला अशी किक मारली की शेजारचा पानवाला दचकला.

त्यानंतर त्रिवेणीचं कशातच लक्ष लागेना. कुणाचं तरी आधार कार्ड दोनदा उलटं छापलं. तो आता फोटो परत नेऊन दुसऱ्या दुकानात जाईल, तिथला कुणीही एका क्लिकमध्ये त्या बाईला पुसून टाकेल, विचारणारही नाही. आपण मिळवलं काय? फोटो तर अजून आपल्याच मशीनमध्ये पडला होता. तिनं तो काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा काढला.

साडेतीनला गाडी वाजली. कुलदीप पिशवी घेऊन आला आणि एकेक वस्तू बाहेर काढायला लागला. भरतकाम केलेला उशीचा अभ्रा.

"कुणाच्या हातचा?"

"आत्याच्या."

टीव्हीवरचं क्रोशाचं झाकण.

"आत्याच्याच."

मण्यांचं तोरण काढताना त्यानं प्रश्नाची वाटच पाहिली नाही. "अक्का, घरात दुसऱ्या कुणाच्या हातचं काहीच नाही. मी आत्यालाच विचारलं, नक्षीचं काही हाय का, तर तिनंच पिशवी भरून दिली. काहून पाहिजे ते बी नाही विचारलं." एवढं बोलून त्यानं हेल्मेट काढलं.

त्रिवेणीनं काउंटरवर राहिलेला गोधडीचा तुकडा स्कॅनरच्या काचेवर ठेवला.

"किती बोटं?"

"दोन. चारी बाजूंनी."

"अन् आईला काय सांगशील?"

"भांडंल ती." त्यानं मान खाजवली. "भांडू दे."

चार वाजून दहा मिनिटांनी फोटो बाहेर आला. कोपऱ्यात सांधा दिसत नव्हता आणि सुशीलाबाई सरळ समोर बघत होती.

त्रिवेणीला वाटलं होतं, आता तरी जीव थंड होईल. तसं झालं नाही. अंबरपेठेत तिच्या स्वतःच्या घरी तिच्या लग्नाचा फोटो आहे. चौकटीत बसावा म्हणून कुणीतरी कडेनं कात्री चालवली होती. आता तिच्या खांद्यावर फक्त चार बोटं दिसतात. ती तिच्या आईची. आईसुद्धा विधवाच होती आणि तिचा दुसरा फोटो नाही. कापलेला तुकडा कुठल्या मशीनमधून आणायचा?

तेव्हा एक करा. आजच तुमच्या घरचा तो फोटो भिंतीवरून उतरवा, कडेला कोण आहे ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, आणि मागच्या बाजूला त्या माणसाचं नाव लिहून ठेवा.